बरण्यांवरची नावं

यिनलान : मिठाच्या जागी सोडा पडलाय ह्या सुपात.

गुरुजी : काहीतरीच. मिठाच्याच बरणीतलं घातलं मी.

यिनलान : कुठली हो मिठाची बरणी?

गुरुजी : ती... फळीवरची. पांढरी पूड असलेली.

यिनलान : फळीवर मीठ आहे, साखर आहे, सोडा आहे, तांदळाचं पीठ आहे. सगळंच पांढरं. त्यांच्यामागे उंदराचं औषध ठेवलंय, तेही पांढरंच. सगळा जन्म ह्या घरात जेवलात, स्वैपाकघर कधी डोळ्यांनी बघितलंत का?

गुरुजी : बघायची वेळ आली नाही. आत तू असायचीस.

यिनलान : तेच म्हणतेय. ते सूप ओतून टाका, कोंबड्यांनासुद्धा घालू नका. आणि इथे पलंगाशी येऊन बसा. एक काम सांगायचंय.

गुरुजी : आधी गोळी घे.

यिनलान : घेते. मला बरण्यांवर नावं लिहून द्या. चांगली ठळक, चष्मा सापडला नाही तरी वाचता येतील अशी.

गुरुजी : बरण्यांवर? मी लिहू?

यिनलान : का, कमीपणा वाटतो?

गुरुजी : तसं नाही. नवं वर्ष तोंडावर आलंय. शेजारच्या पान वहिनींचा, गिरणीवाल्याचा, वरच्या आळीतल्या सगळ्यांचा लाल कागद येऊन पडलाय. त्यांच्या दारांवर लावायच्या शुभाच्या ओळी अजून लिहून व्हायच्यात. लोक खोळंबलेत.

यिनलान : लोकांची दारं थांबतील. मीच लिहिलं असतं, पण हातात पेन धरवत नाही. आणि धरवलं असतं तरी माझं अक्षर बघून तुम्ही बरणी उघडलीच नसती.

गुरुजी : तुझं अक्षर वाईट नाही. घाईचं आहे.

यिनलान : लग्न झाल्यावर आईला पहिलं पत्र लिहिलं, तर तुम्ही लाल शाईनं तपासून दिलंत. तसंच पाठवलं मी. ते लाल फराटे बघून आईला वाटलं, नवऱ्यानं मारलं की काय पोरीला.

गुरुजी : ते किती वेळा सांगशील?

यिनलान : आता फार वेळा नाही सांगायची.

गुरुजी : असं बोलू नको. थंडी सरली की उठशील तू. मग तुझ्या बरण्या आणि तू. नावं कशाला हवीत?

यिनलान : उठेन म्हणून कोण म्हणालं?

गुरुजी : डॉक्टर म्हणाले. पोटात जुनी सूज आहे, सावकाश उतरेल. शुएछिन फोनवर बोलली ना तुझ्याशी?

यिनलान : बोलली. दर वाक्याला हसत होती. आपली पोर लहानपणापासून खोटं बोलताना हसते. शेजाऱ्यांचा पेरू चोरला होता तेव्हाही अशीच हसत दारात उभी होती.

गुरुजी : ती तिकडे शहरात एकटी काळजी करत असते, म्हणून...

यिनलान : म्हणून हसते? बरं. आणि डॉक्टर तुम्हाला दाराबाहेर काय म्हणाला? मी बहिरी नाही हो. 'घरी न्या, आणि मागतील ते खायला घाला.'

गुरुजी : म्हणजे पथ्य नाही.

यिनलान : पान वहिनींच्या नवऱ्यालाही शेवटी पथ्य नव्हतं. तोंड असं पाडू नका. मी तुमच्यावर चिडलेली नाही.

गुरुजी : शुएछिननं शपथ घातलीय मला. आईला कळता कामा नये, कळलं तर ती हाय खाईल, म्हणाली. मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून तोंड नीट करतो आणि मग तुझ्या खोलीत येतो. मी दुसरं काय करू? मला काही सुचत नाही गं.

यिनलान : शपथ पाळा. तुम्ही काही सांगितलं नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. पोर आली की मी तिच्यापुढेही सूज म्हणेन. तिचं समाधान. फक्त बरण्यांवर नावं लिहा.

गुरुजी : मी नाही लिहिणार.

यिनलान : का?

गुरुजी : लिहिली म्हणजे मी कबूल केलं असं होईल.

यिनलान : आणि नाही लिहिलीत तर मी राहणार आहे का?

गुरुजी : मला माहीत नाही. मी नाही लिहिणार, एवढंच मला कळतंय.

यिनलान : बैठकीत टांगलेली ती दोन अक्षरं कुणी लिहिली? जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं ती.

गुरुजी : मीच लिहिली.

यिनलान : काय लिहिलंय?

गुरुजी : तुला माहीत आहे.

यिनलान : तरी सांगा.

गुरुजी : अक्षरं दोनच, पण अर्थ असा, जे खरं समोर आहे, त्या कामाला हात घाल.

यिनलान : त्या अक्षरांखाली आरामखुर्ची टाकून तुम्ही दुपारभर झोपायचात. मी आत सरपण फोडायची, डुकराला घालायची, छपराची गळती बघायची. येणारे-जाणारे म्हणायचे, वा गुरुजी, काय जोर आहे अक्षरात! मी मनात म्हणायची, जोर अक्षरातच राहिला सगळा.

गुरुजी : हसतेस काय? खोकला येईल.

यिनलान : येऊ दे. त्या वेळी राग यायचा, आता हसू येतं. पाणी द्या जरा.

गुरुजी : हे घे. सावकाश पी. यिनलान, मी एक ठरवलंय. माझ्याकडे सोन्याचे ठिपके असलेला लाल कागद आहे. जपून ठेवलेला. ह्या वर्षी सगळ्यात आधी आपलं दार लिहितो.

यिनलान : आपलं दार?

गुरुजी : गावाची दारं लिहिता लिहिता दरवर्षी आपल्यासाठी तुकडेच उरले. ते जोडून तू लावायचीस. कधी एक शब्दानं बोलली नाहीस.

यिनलान : बोलले नाही, पण मनाला लागायचं. वाटायचं, ह्या माणसाला मी दिसत नाही की काय.

गुरुजी : म्हणून म्हणतो, आजच लिहितो. संध्याकाळी लावतो. शुएछिन येईल तेव्हा दारावर असेल.

यिनलान : नको.

गुरुजी : आता का नको?

यिनलान : पान वहिनींचा नवरा गेला तेव्हा त्यांच्या दारावरचा लाल कागद कुणी खरवडून काढला होता?

गुरुजी : मी.

यिनलान : घरात माणूस गेलं की लाल राहत नाही. पहिल्या वर्षी तर नाहीच. माझं दारही कुणीतरी खरवडेल. बहुतेक तुम्हालाच करावं लागेल. तुमचा सगळ्यात चांगला कागद, तुम्ही मन लावून लिहिलेला, आणि तुम्हीच ओल्या फडक्यानं पुसत बसाल. मला नाही बघवायचं ते.

गुरुजी : तू कुठे असशील तेव्हा बघायला?

यिनलान : आता डोळ्यांपुढे दिसतंय ना.

गुरुजी : मग मी करू तरी काय? औषधानं काही होत नाही. साधं सूप करायला गेलो तर सोडा घातला. दार लिहीन म्हटलं तर दारही नको. मला लिहिण्यापलीकडे काही येत नाही, यिनलान. तू सगळं करत गेलीस आणि मी काही शिकलोच नाही.

यिनलान : म्हणून तर लिहायचंच काम सांगतेय. मला रात्रीची झोप लागत नाही. पोट दुखतं म्हणून नाही. डोळे मिटले की दिसतं, तुम्ही त्या फळीपुढे उभे आहात, हातात चमचा, आणि मागच्या बरणीला हात घालताय.

गुरुजी : ...बरं.

यिनलान : लिहिता?

गुरुजी : लिहितो. रडू नको.

यिनलान : मी कुठे रडतेय? तुमचंच नाक वाहतंय. बाटलीतली शाई घ्या, शाईची कांडी उगाळत बसू नका.

गुरुजी : बाटलीतली शाई ओल्या हाताला लागली की पसरते. स्वैपाकघरात टिकायची नाही. उगाळलेलीच हवी.

यिनलान : बघा, हे मला नव्हतं माहीत. उगाळा मग.

(गुरुजी दगडावर शाई उगाळत बसतात.)

गुरुजी : झाली. कागदही काढलाय.

यिनलान : हा तर तो सोन्याच्या ठिपक्यांचा.

गुरुजी : दार नको म्हणालीस ना, मग हाच कापतो. तुझ्या बरण्यांना लावू. फळी कशी झळकेल बघ.

यिनलान : लाल नको हो.

गुरुजी : हेही नको?

यिनलान : पांढऱ्यावर लिहा. लाल असला तर मी गेल्यावर लोक येऊन तोही काढतील, आणि तुम्ही पुन्हा सोडा खाल. ऐकलंत ना?

गुरुजी : ऐकलं. घेतला पांढरा. सांग, डावीकडून पहिली बरणी कशाची?