पहाटंचा समुद्र

गोंदियाच्या रिझर्वेशन खिडकीसमोर माझ्या पुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"फुलवंता, आता तरी सांग. पुरी का पुणे?"

"तुमीच ठरवा. मोहाची फुलं येचून येचून कंबर गेली माही."

"म्हनून तं जाऊन राहिलो. एकडाव बिडीचं तेंदूपान तोडाले निघालं का मंग कुठची फुरसत?"

"पुण्याले गेलो तं?"

"योगराज बलावूनच राहिला. तो अन् सून सकाळीच ड्युटीवर जातेत. तू उठून डबे करून देजो, नात सांभाळजो."

"अन् पुरीले?"

"समुद्र! पहाटंच उठून किनाऱ्यावर जायचं. सूर्य पान्यातून निंगते म्हनते."

"तिथंबी पहाटंच?"

"मंग! सारं जग त्याच्यासाठीच जाते."

"पहाटंच तं मले मोहाखाली जावा लागते. जनम गेला पहाट पाहून."

"चाचा, जल्दी बोलो. कहाँ का दूँ?"

"सांग ना वो!"

"पुरीचंच काढा. पन मले उठवू नोका. सूर्य तुमी पाहून या. समुद्र काही दुपारपर्यंत कुठी जात नाही."

"मी एकटा पाहून काय करू? मीबी झोपतो."