भिंतीपलीकडे गेलेली प्रार्थना

…नाही नाही, उंबऱ्यात नका उभ्या राहू मंजुळावहिनी, आत या, बसा — त्या खुर्चीवर बसा, ही नको, हिचा पाय हलतो. मला माहीतच होतं तुम्ही येणार. बुधवारपासून वाट बघतेय. काल नळावर तुम्ही तोंड फिरवलंत, मी म्हटलं फिरवणारच, मी तुमच्या जागी असते तर कळशी घातली असती डोक्यात. दार लोटून घेऊ? असू दे. आता दार लावून काय उपयोग, जे बाहेर जायचं ते गेलं. चहा ठेवते थोडा — घासलेट आहे, कालच लाईन लावली — नको? पाणी तरी? बरं, नको तर नको. पदराखाली काय धरलंय ते ठेवा ना टेबलावर, किती वेळ धरून बसणार. नको? असू दे, धरा.

तुमची शुभा कुठे आहे ते मी सांगणार नाही. हे आधीच सांगून टाकते, मग तुम्ही मला काय वाटेल ते बोला. सुखरूप आहे, चांगल्या घरात आहे, जेवतेखाते, एवढं सांगते. याच्यापुढे एक शब्द नाही. तिनेच शपथ घातली आहे — बाई, कोणाला सांगू नका, आईला तर मुळीच नाही. असं बघू नका हो माझ्याकडे. हट्ट नाही हा. आमच्या कोर्सचा पहिला नियमच तो आहे, ऐकलेलं पोटात ठेवायचं. तुम्ही म्हणाल, बाई, हे तुम्ही सांगताय? बरोबर आहे. मीच सांगतेय. एकदा पोट फुटलं म्हणून तर आता शिवून घेतलंय.

तुम्हाला आठवतं, मी कोर्सला नाव घातलं तेव्हा तुम्ही हसलात — दिवसभर वर्गात बोलून पोट भरत नाही का, बोलायला शिकायला घाटकोपरला कशाला जाता? बोलायला नाही हो. ऐकायला. दर शनिवारी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये असतो, आमचे पाळकसाहेब शिकवतात. आज पण होता. नाही गेले. काय तोंड घेऊन जाऊ? कौन्सेलिंग म्हणतात त्याला, आणि आमचं ते ख्रिस्ती, म्हणजे मला आधी वाटलं, सोपं आहे, दुःखी माणूस आला की शास्त्रातलं एक वचन वाचायचं, डोक्यावर हात ठेवायचा, झालं. तर पहिल्याच दिवशी पाळकसाहेब म्हणाले, वचन खिशात ठेवा. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये टेबल नको, आणि तोंड बंद. आम्हाला आळीपाळीने खोटं खोटं दुःखी व्हायला लावायचे, म्हणजे एकाने रडायचं नि दुसऱ्याने ऐकायचं. माझी पाळी आली की सगळे हसायला लागायचे. सुलक्षणाबाई, समोरच्याचं वाक्य तरी पुरं होऊ द्या. पंचवीस वर्षं मुलांची वाक्यं मीच पुरी करत आले, सवय कशी जाणार?

एक गोष्ट मात्र मनात बसली. पाळकसाहेब म्हणाले, शास्त्रातला तो आंधळा प्रभू येशूसमोर येऊन उभा राहिला. आंधळा आहे, सगळ्या गावाला दिसतंय त्याला काय हवंय. तरी प्रभूने विचारलं — मी तुझ्यासाठी काय करू? आधी विचारलं. समजा त्याला दुसरंच काही हवं असतं तर? म्हणून विचारायचं. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहून म्हणायचे, मी तुझ्यासाठी काय करू, मी तुझ्यासाठी काय करू. वेडीच.

आणि शुभा काही माझी केस नव्हती. म्हणजे — होती. खोटं कशाला बोलू. दिवाळीच्या आत प्रत्येकाने एका तरी माणसाचं मनापासून ऐकायचं, असं ठरलं होतं, आणि माझ्याकडे कोणी येईना. माझ्याकडे येऊन कोण बोलणार, मीच बोलते. मग ती तुमची वाटी परत द्यायला आली, श्रावणात, कुळथाची पिठी दिली होतीत ना तुम्ही — नाही, वाटी माझी होती, असो — आली आणि बसली. तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर. आणि बोलायला लागली. कंपनीत पॅकिंगला उभी असताना तिला आकडी आली. एकदा नाही. पोरींनी कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं, आणि शपथा घेतल्या कोणी घरी सांगणार नाही म्हणून, कारण साखरपुडा झालेला. मग एकटीच गेली डॉक्टरकडे, त्यांनी गोळ्या दिल्या, रोज न चुकता घ्यायच्या. मला विचारत होती, बाई, मुलाकडच्यांना सांगू की नको? आणि वहिनी, त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. अंधार पडला, दिवा लावायला उठले नाही, नुसती ऐकत होते. शेवटी तीच म्हणाली, सांगते मी त्यांना, माझी मीच सांगते, मला थोडे दिवस द्या. जाताना हसली पण. मला वाटलं, आलं मला. जमलं.

तिथेच माती खाल्ली. जमलं असं वाटलं ना, की ते कोणाला तरी दाखवावंसं वाटतं.

बुधवारी माझ्याकडे प्रार्थना होती, तुम्हाला ठाऊक आहे, सतरंजी तुमचीच होती. उकडत होतं, दार सताड उघडं. आता मला काय माहीत तुमच्याकडे मुलाकडची माणसं तारीख काढायला आलीत? बाहेर चपला बघितल्या एवढ्या, मला वाटलं आज आमची मंडळी जास्त आली. आणखी चार कप काढले मी, बोला. गाणी झाली. मग आमच्यात असं असतं, प्रत्येकाने सांगायचं, माझ्यासाठी अमक्याची प्रार्थना करा — कोणाचा गुडघा, कोणाच्या जावयाची नोकरी. तेवढ्यात अण्णा, आमच्या मंडळीतले वडीलधारे, मला म्हणतात, काय बाई, ऐकायला कोणी मिळालं की नाही अजून? सगळे हसले. मी डोळे मिटले. आमचं हेच आहे वहिनी, डोळे मिटले की आम्हाला वाटतं दारही मिटलं. आता मी आणि देव, बाकी कोणी नाही. आणि मी मोठ्याने सुरू केलं, प्रभू, या भिंतीपलीकडच्या तुझ्या लेकीला आकडी येते, लग्न तोंडावर आलंय आणि ती भीतीने पोखरून गेलीय, तिने माझ्यापाशी मन मोकळं केलं… नाव नाही घेतलं. देवाशपथ नाव नाही घेतलं. भिंत सांगितली. नाव सांगायचं काय राहिलं मग?

आवाज तर तुम्हाला माहीत आहे माझा, शेवटच्या बाकापर्यंत जातो. देव काय बहिरा आहे? आमेन म्हणाले आणि पलीकडे बशीत कप ठेवल्याचं ऐकू आलं. एक कप. मग दुसरा. मग चपला. मग तुमचे दत्तारामभाऊ गॅलरीत त्यांच्यामागे धावतायत, माजां चेडू खुळां नाय हो, माजां चेडू खुळां नाय. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पोरगी माझी वेडी नाही म्हणून विनवत होते.

मी स्वतःला सांगते, प्रेमाने केलीस, पोरीसाठीच केलीस ना प्रार्थना. नाही वहिनी. देवाला आधीच ठाऊक होतं सगळं, त्याला कशाला सांगायला हवं? मला अण्णांना ऐकवायचं होतं. बघा, माझ्याकडे पण कोणीतरी आलं. तुमच्या मुलीचं लग्न मी त्याच्यासाठी मोडलं.

गुरुवारी पाणी यायच्या आधी ती दारात. गाल सुजलेला. भाऊंचा हात, मी काही बोलत नाही, त्यांचं पण काय चुकलं, सगळ्यांसमोर… मला वाटलं, शिव्या देईल. म्हणाली, बाई, मला कुठेतरी नेऊन सोडा. बस्स. पिशवीत दोन साड्या. मी काय विचारलं असेल तिला? काही नाही. मी घाबरले होते आणि घाबरले की मला वचनं सुचतात. बसमध्ये तिला अख्खं स्तोत्र म्हणून दाखवलं, बाजूची माणसं बघायला लागली. ती खिडकीबाहेर बघत होती. आणि होडीत तर सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून बसली, एकदासुद्धा वळून —

वाटेत. वाटेत म्हणजे. वाटेत पाठ करून बसली होती.

ते जाऊ दे. काळजी करू नका एवढंच मी सांगतेय. क्षमा म्हणून माझ्याच कोर्समधली बाई आहे, माझ्यासारखी नाही, कमी बोलते, तिने काही न विचारता घरात घेतलं. काल तिच्या भावाकडून निरोप आला, तो रोज येतो ना शहरात कामाला, शाळेतच येऊन सांगून गेला. पोर शांत आहे म्हणे. जेवते. रडत नाही, कोणाशी बोलत पण नाही, दिवसभर धक्क्याच्या टोकाला एकटी पाण्यात पाय सोडून बसते. क्षमा म्हणाली बसू दे, तिला कोणी टोकू नका, मनातलं वाहून जाईल. मलाही बरं वाटलं ऐकून. इथे या खोलीत, या भिंतीशी राहण्यापेक्षा… वारा आहे, मोकळं आहे, सुक्या मासळीचा वास सोडला तर —

उठलात का? बसा ना. वहिनी, बसा. होडी म्हणाले म्हणून? होड्या काय एका जागी असतात? वर्सोव्याला आहेत, गोराईला आहेत, मार्वेची होडी मी म्हटलंच नाही. … म्हटलं का? आत्ता म्हटलं. अरे देवा. नाही, ऐका, ऐका माझं, तिने शपथ घातली आहे मला, आईला मुळीच सांगू नका म्हणाली, एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे तिची राखायची, ही तरी राखू दे. तुम्ही तिथे गेलात तर तिला वाटेल बाईंनी पुन्हा… आणि भाऊ मागोमाग आले म्हणजे? दोन दिवस थांबा. मी विचारते तिला. मी स्वतः जाऊन विचारते, आई आली तर चालेल का. माझ्यावर रागवा, मला मारा हवं तर, पण मनोरीला —

काय आहे ते?

दाखवा. पदर सोडा, दाखवा बघू.

ही गोळ्यांची बाटली कुठे मिळाली तुम्हाला? … देवाच्या फोटोमागे. हो. म्हणाली होती मला, गणपतीच्या फोटोमागे ठेवते, तिथे कोणाचा हात जात नाही. … आज पुसायला काढलात फोटो. आणि हे कसलं औषध, हेच विचारायला आला होतात तुम्ही. भांडायला नाही. एवढंच विचारायला आला होतात, आणि मी —

हो, तिचंच. रोज न चुकता. … नाही. तिने नेली नाही म्हणजे घेतली नाही, दुसरी बाटली कुठून असणार. गुरुवारपासून. पिशवीत दोन साड्या होत्या, मी बघितलं, आणि मी विचारलं नाही. स्तोत्र म्हटलं. अख्खं. गोळ्या घेतल्यास का, एवढे तीन शब्द —

धक्क्याच्या टोकाला. एकटी. टोकू नका म्हणाली क्षमा, तिला काय माहीत, आकडीचं मी तिला सांगितलंच नाही. ते मात्र मी पोटात ठेवलं.

जा. वहिनी, जा तुम्ही, उभ्या राहू नका. मालाडहून मार्वेची बस, मग होडी, पलीकडे मनोरीला उतरलात की कोणालाही विचारा, चर्चच्या शिबिराचा बंगला कुठे, क्षमाबाई राहतात तो. नाही, आधी बंगल्यावर नका जाऊ, आधी धक्क्यावरच बघा. बाटली नीट धरा. थांबा, मी पण येते, चप्पल घालते, मला रस्ता माहीत आहे, वाटेत मी एक शब्द बोलणार नाही —

नको?

बरं.

नाही येत.