माझं बॅकलॉगमध्ये आहे!

...नाही, पण तिच्याच नावावर का उडावेत, मला सांगा! ही रचना, आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात येऊन जेमतेम आठ महिने झालेली पोरगी, कंप्युटरवर एक कार्ड उचलते, 'डन'च्या रकान्यात सरकवते, की लगेच स्क्रीनभर रंगीत कागदाचे तुकडे! आणि देवेश सर केबिनमधून, "सुपर, रचना, सुपर!" मी एकोणीस वर्षं इथे लोकांची पार्टिशनं आणि फॉल्स सीलिंगं वेळेवर बसवून देतेय, सुतारांशी घसा फोडून भांडलेय, माझ्या नावावर एक चिटोरं तरी उडालं का? मी जळत नाही हां, नुसतं सांगते.

तर सरांनी हे सॉफ्टवेअर आणलं. आता वहीत लिहायचं नाही, फोनवर ओरडायचं नाही, सगळं बोर्डावर! आणि एकेक शब्द काय... स्प्रिंट म्हणे! पंधरा दिवसांचं काम ठरवायचं, त्याला स्प्रिंट. धावतं कोण? कोणी नाही, सगळे खुर्चीत! मीटिंगमध्ये सर विचारतात, "माया, तुझी डिपेंडन्सी काय?" मी म्हटलं, "सर, आई. शुगर आहे तिला." मग ही रचना, गोड आवाज काढून, "मायाताई, डिपेंडन्सी म्हणजे आपलं काम कोणाच्या कामावर अडलंय ते. म्हणजे बघा, वायरिंग झाल्याशिवाय सीलिंग नाही." अगं बाई, हे मी तू बालवाडीत होतीस तेव्हापासून बोंबलतेय! फक्त मी त्याला 'आधी वायरमनला बोलवा' म्हणायची. तिनं इंग्रजीत म्हटलं की सर मान डोलावतात. मी जळत नाही हां, नुसतं सांगते.

आता मेन गोष्ट ऐका. सीनियर कोऑर्डिनेटरच्या पोस्टसाठी मी अर्ज दिलेला. तोंडी नाही, लेखी! महिन्याभराने विचारलं, तर सर लॅपटॉपमधून मान वर न काढता, "डोन्ट वरी माया, तुझं बॅकलॉगमध्ये टाकलंय."

बॅकलॉग! अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझे बाबा म्युनिसिपालिटीत लागलेले ते बॅकलॉगच्या भरतीतच. राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या, त्या एकदाच्या भरल्या आणि त्या पगारावर आम्ही भावंडं शिकलो. आमच्या घरात बॅकलॉग म्हणजे काय? उशीर झाला, पण आपली जागा ती आपलीच! आई तर ऐकून रडायलाच लागली. "माया, तुझाही बॅकलॉग भरला गं? आधी पेढे आण!" आंबिवली स्टेशनबाहेरून दोन किलो पेढे घेतले, मोहन्याच्या आमच्या अख्ख्या चाळीत वाटले, उरलेले ऑफिसात. रचनाने पेढा तोंडात टाकला. "कशाचे, मायाताई?" मी मान ताठ करून, "माझं बॅकलॉगमध्ये आलं!"

पेढा तिच्या घशातच अडकला. पाणी प्यायली, ठसकली, मग हळूच म्हणते, "ताई... इथे बॅकलॉग म्हणजे आत्ता करायचं नाही ते. नंतर कधीतरी बघू म्हणून ठेवलेला ढीग." आणि उघडून दाखवला की ढीग! 'पॅन्ट्रीतला गळका नळ.' त्याच्याखाली 'मायाचं प्रमोशन.' नळ माझ्या वर! एकोणीस वर्षं आणि नळ माझ्या वर! खरं सांगू? लागलं हो. फार लागलं. आता चाळीत जो तो विचारतो, "काय माया, चार्ज कधी घेतेस?" काय सांगू, आधी नळ चार्ज घेतोय? आणि मी नळावरही जळत नाही हां!

तर काल काय झालं... कार्ड हललं! बॅकलॉगमधून निघून सरळ 'टू डू'मध्ये, म्हणजे आत्ता करायच्या रकान्यात! कार्ड उघडलं, तर खाली लिहिलेलं, 'असाइनी.' असाइनी म्हणजे ते काम ज्याच्या गळ्यात घातलंय तो, एवढं आता मला कळतं. आणि नाव कोणाचं? रचनाचं! माझ्या एकोणीस वर्षांचा रिपोर्ट ही आठ महिन्यांची बनवणार, आणि तो बघून सर ठरवणार! वर तिचा हसरा फोटो, माझ्या नावाला चिकटून.

आज सकाळी आली माझ्या टेबलापाशी, एकदम प्रेमाने. "मायाताई, तुमच्या प्रमोशनच्या कार्डावर ड्यू डेट काय टाकू?"

मी म्हटलं, "टाक बाई तुला हवी ती. फक्त माझ्या रिटायरमेंटच्या आधीची टाक."