कमरेची किल्ली

मंडळी, टाळ जरा थांबवा. एक प्रश्न आहे. वस्तू आपण दिली, असं कधी म्हणायचं? हातातून सुटली म्हणजे? की मनातून?

उत्तर देऊ नका. इथं सगळे "मनातून" म्हणतात, आणि घरी गेल्यावर शेजाऱ्याला दिलेली शिडी आठवते. ऐका.

मिरजेचे मगदूम आप्पा. एस.टी.तून निवृत्त झाले. आलेल्या पैशातून गावाबाहेर तीन खोल्यांचं बैठं घर बांधलं – भाड्यानं द्यायला. स्वतः जुन्या घरात, शालनकाकींसोबत. या भाड्यावर दोघांचं म्हातारपण. म्हणजे भाडेकरू चांगला हवा, आणि टिकायला हवा.

आप्पा कामाला पक्के. भाडेकरू ठरवला तो आधी त्याच्या जुन्या घरमालकाला भेटून. करार नोंदवला. पोलीस ठाण्यात माहिती दिली. नळ, पंखे, भिंती – सगळ्याचे फोटो, खाली दोघांच्या सह्या. नळ गळतो म्हणून निरोप आला की दुसऱ्या दिवशी प्लंबर दारात. तुमच्यात कुणी घर भाड्यानं दिलंय? हात वर करा. बरेच आहेत. करार किती जणांनी नोंदवला?

हात कुठं गेले?

असू द्या. भाडेकरू होता रियाज मुजावर. तंबोरे बनवायचा. पुढच्या खोलीत लाकूड, भोपळे, तारा. त्यांच्याच मधे रात्रीची अंथरुणं. मागं स्वयंपाकघर. आणि तिसरी खोली –

कुलूप.

तिसरी आप्पांनी दिलीच नव्हती. ती मुलाची. अभिनंदन नाशिकला नोकरीला. परत आला तर लागेल. आत त्याची खाट, कपाट, लहानपणचा लाकडी झोपाळा. किल्ली आप्पांच्या करदोट्याला. आंघोळ करतानासुद्धा.

पहिल्या वर्षी रियाज म्हणाला, "आप्पा, त्या खोलीच्या चौकटीवर मातीची रेघ उठलीय. एकदा उघडून बघूया."

"त्यात काही नाही रे. बंद खोली आहे, माती धरणारच."

दुसऱ्या वर्षी म्हणाला, "आप्पा, रेघ इकडच्या भिंतीवर आली."

"दिवाळीत अभिनंदन येणार आहे. तेव्हा उघडू."

दिवाळी आली. अभिनंदन नाही आला. आता बघा – नळाला धावणारा माणूस कुलपापाशी का थांबतो? कारण नळाच्या मागं फक्त पाणी असतं.

तिसऱ्या वर्षी रियाजनं एक तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला. चार महिन्यांचं काम. गिऱ्हाईक न्यायला आलं तेव्हा उचलला, तर दांडी हातात मोडली. आतून पोकळ. वाळवी.

रियाज ओरडला नाही. मोडकी दांडी घेऊन आप्पांच्या दारात आला.

"एक महिन्याची नोटीस, आप्पा. करारात लिहिलीय तशी."

"अरे, दुसरीकडं एवढ्यात घर मिळेल?"

"नाही मिळणार. पण ते घर तरी सगळं माझं असेल."

तो गेला. शालनकाकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, पोरानं नाशकात फ्लॅट घेतला त्याला चार वर्षं झाली. वास्तुशांतीला श्रीखंड तुम्हीच वाढलंत. ती खोली कुणासाठी ठेवलीय?"

आप्पांनी करदोटा चाचपला. उठले. चालत गेले, रिक्षा केली नाही. रियाजसमोर कुलूप उघडलं. दार ढकललं – दाराबरोबर चौकटच आत पडली. खाट उभी दिसत होती; बोट लावलं तर भुगा. झोपाळ्याच्या साखळ्या तेवढ्या शाबूत. आणखी एक पावसाळा, तर छताखालचा वासाही गेला असता.

आप्पांनी साखळ्या पिशवीत घातल्या. बाकी सगळं बाहेर काढलं, स्वतः. वाळवीची फवारणी केली, लोखंडी चौकट बसवली, तंबोऱ्याचं नुकसान भरून दिलं. आणि किल्ली रियाजच्या हातावर ठेवली.

"खोली वाढली. भाडं किती वाढवताय?" रियाजनं विचारलं.

"वाढवायचं कशाला? भाडं पहिल्यापासून तीन खोल्यांचंच घेत होतो."

नवा करार झाला, तिन्ही खोल्या लिहून. रियाज अजून तिथंच आहे, अकरावं वर्ष. आणि खोली दिल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत अभिनंदन आला. कुठं झोपला? जुन्या घरात, आप्पांच्या शेजारी, सतरंजीवर. खोली त्यानं विचारलीसुद्धा नाही.

आता तुम्ही. घर भाड्यानं द्याल तर सगळं द्या. जे देणार नाही, त्याचं भाडं घेऊ नका. भाडेकरू भिंत दाखवतो तेव्हा भिंत बघा, तुमचंच घर वाचवतोय तो. हे झालं घराचं.

पण रोज सकाळी हात जोडून देवाला काय म्हणता? ये, माझ्या हृदयात राहा. तोही येतो बिचारा, पुढच्या खोलीत अंथरूण टाकतो. आणि एक दार बंद. कुणाच्या आत भावाशी धरलेला अबोला, कुणाच्या आत सुनेचा राग. तो म्हणतोय, माती येतेय. तुम्ही म्हणताय, दिवाळीनंतर.

वीणेकरी बुवा, तार छेडा. मंडळी, टाळ उचला. आणि एक ध्यानात घ्या – टाळाला दोन्ही हात लागतात. एका मुठीत किल्ली धरून तो वाजत नाही.