डाग यानासोबत फिरला

हॅलो? ताई? … अगं, ठेवू नकोस! मी बोलतेय, दुर्बिणीवरून. … हो, हो, अगं ऐक ना! कुठे आहेस? केंद्रातच ना, घरच्यांच्या खोलीत? … भाऊजींशी बोललीस का? … अजून नाही? सुटले गं बाई!

काय? … तो आवाज? दार फोडतायत माझ्या खोलीचं. … कोण म्हणजे? आमचेच पहारेकरी! साहेबाला मारलं मी. … पान्याने. आरशाचे नट आवळायचा असतो ना, तो. दोन दात पडले. … लाज कसली? आधी त्याने माझं डोकं टेबलावर आपटलं! कान नुसता वाजतोय, रक्त गळ्यापर्यंत आलंय… रडू नकोस. गप्प बस आणि ऐक!

तिन्हीसांजेला भाऊजींचं यान आमच्या डोक्यावरून गेलं. फोटो काढले मी. … दिसतं गं! शेगडीवरची हवा कशी थरथरते? तशी वरची सगळी हवा थरथरते. आमचा आरसा मागच्या दट्ट्यांनी तिच्या उलट वाकत राहतो, म्हणून चित्र स्वच्छ येतं. … ताई, यानाच्या पोटाखाली काळा डाग दिसतोय, तिथलं कवच उचकटलंय. … हो. उतरताना आगीपासून वाचवतं, तेच.

… केला ना केंद्राला फोन! साहेबाने आधीच कळवून ठेवलंय, आरसा बिघडलाय, चित्र खरं धरू नका. मागच्या खेपेला असाच डाग बघून त्याने बोंब ठोकली होती, आणि निघाला काय, तर अडकलेला दट्ट्या. सगळीकडे हसं झालं. आता पुन्हा हसं नको म्हणून माणसं जाळायला निघालाय मेला!

… तुलाही वाटतं मी चुकतेय? … अगं, दोष आरशात असता तर डाग चित्रात एकाच जागी बसून राहिला असता. यान वळलं, ताई. डागही त्याच्यासोबत वळला. … हां. आता कळलं?

आई गं! … काही नाही, दाराची काच फुटली. एकाचा हात आत आलाय, कडी शोधतोय… घे! घे, अजून घे बोटांवर! … ओरडू दे. मोडलीच असतील.

काय? … भाऊजींशी बोलायचा तुझा नंबर आला? जा! फोन चालू ठेव. प्रेमाचं काही बोलू नकोस, रडू तर मुळीच नकोस. एवढंच सांग, ‘उतरू नकोस, कवच उचकटलंय, आंधळीने पाहिलंय.’ … हो, आंधळीच म्हण! चष्म्यावरून मला तेच चिडवतात ना, ओळखतील. वर अन्न आहे, हवा आहे, दुसरं यान पाठवतील.

… बोल ना ताई! … माईक कोण ओढतोय? चाव त्याला! अगं, चाव! …

ताई? …

भाऊजींचाच आवाज ना हा? काय म्हणाले? … परत सांग. … ‘आंधळीला दिसलं म्हणजे भोक मोठं असणार’? … हसले? … थांबतायत? नक्की थांबतायत?

… नाही गं, रडत नाहीये मी.

ए, थांबा रे! मोडू नका दार, उघडते. … हो, टाकला पाना खाली.

ताई, ठेव आता. … ठेव म्हणते ना! पुढचं ऐकू नकोस.