गो आणि नो-गो

आमचे सासरे, अण्णा, बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे. तिला नवी नळी बसवायला दिली होती, ती आणायला अण्णा, सासूबाई आणि मी रोह्याहून पेणला बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. दुकानात शिरताच अण्णा म्हणाले, "आणा इकडं, एक बार काढून बघतो."

"थांबा, अण्णा," मिस्त्री म्हणाले. "आधी माप. आत काडतूस सैल राहिलं तर तुमच्या तोंडाशीच फुटेल."

सासूबाई घाबरल्या. "मग ऱ्हाऊ दे ती इथंच!"

"तू गप ऱ्हा गो, तुला काय कळतंय?" अण्णा ओरडले.

मिस्त्रींनी काडतुसाच्या आकाराचे दोन पोलादी तुकडे काढले. "हा गो. हा नळीत घातला की मागचा हा बोल्ट, म्हणजे नळीचं झाकणच, बंद झाला पाहिजे. आणि हा नो-गो, केसभर लांब. ह्याच्यावर बंद होता कामा नये."

पहिल्यावर बोल्ट अलगद बंद झाला. दुसऱ्यावर अडला, तो उघडाच राहिला. "झकास! गो बंद, नो-गो उघडा. बिनधास्त न्या!"

सासूबाईंच्या जिवात जीव आला. अण्णांकडे बघत त्या म्हणाल्या, "बराबर हाय. गो म्हंजे बाईमाणूस, सांगितलं की गप बसतं. नो-गो म्हंजे पुरुष. कितीबी दाबा, तोंड बंद व्हत नाय!"