बोलत बोलत महिमतगड

सहदेव : थांबलीस का? बोल काहीतरी.

सुनंदा : पाणी पितेय. पिता पिता बोलले तर ठसका लागेल, आणि मग तुम्ही मला पाठुंगळी मारून थेट रत्नागिरी गाठाल.

सहदेव : डॉक्टर काय म्हणाले? चढताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की बसायचं.

सुनंदा : लग्न झाल्यापासून मी गप्प बसावं म्हणून नवस करायचा तेवढा बाकी होता तुमचा. माझी एक अँजिओप्लास्टी काय झाली, माझा आवाज गोड लागायला लागला.

सहदेव : गोड नाही गो. चालू आहे एवढं कळलं की पुरे.

सुनंदा : मी काय एसटी आहे?

सहदेव : डेपोत जन्म गेला माझा. घाटात कुठली गाडी रडणार ते स्टँडवरच कळायचं.

सुनंदा : ते अनिल मेकॅनिकला कळायचं. तुम्ही तिकिटांचे गठ्ठे बांधायला होतात.

सहदेव : बरं, रसाळगडाचं सांग. मागे गेलो होतो ते.

सुनंदा : गडावर तोफा होत्या. झोळाईचं देऊळ होतं. गार वारा होता. आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय आठवतं?

सहदेव : उतरल्यावर खेडला तिसऱ्यांचं सुकं खाल्लं. खोबरं जरा जास्त पडलं होतं.

सुनंदा : आणि मार्लेश्वरला?

सहदेव : घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. पायऱ्याही असाव्यात.

सुनंदा : असाव्यात! अहो, तुमच्या डोक्यात जिल्ह्याचा नकाशा नाहीच, नुसती ताटं मांडून ठेवल्येत. मी येते डोंगरासाठी, तुम्ही उतरल्यावरच्या जेवणासाठी. म्हणून तर आपलं निभावलं. वर माझं राज्य, खाली तुमचं.

सहदेव : मग तक्रार काय आहे?

सुनंदा : गेले सहा महिने सगळं तुमचंच राज्य चाललंय ही तक्रार आहे. मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ, आरे-वारेच्या किनाऱ्यावर शहाळं. वाटेत डोंगर दिसला की लगेच तुम्ही गाडीचा आरसा नीट करायला घेता.

सहदेव : आज आणलंय ना?

सुनंदा : आणलंत. दर दहा पावलांवर बसवताय, पण आणलंत. थांबा, फोन वाजतोय. देवरुखच्या खाणावळवाल्या येसूबाईंचा.

सहदेव : उचलू नको. चढताना फोन कशाला?

सुनंदा : बोलायचंच आहे ना मला? मग त्यांच्याशी बोलते. हां येसूबाई, बोला. स्पीकरवर टाकलाय, साहेबही ऐकतायत.

येसूबाई : ओ बाय, कुठं हाव तुमी? पानं घेतली मी. भाकरी तव्यावर हाय.

सुनंदा : इतक्यात? आम्ही गडाच्या निम्म्यावर आहोत. दुपार टळल्यावर येऊ म्हणून सांगितलं होतं ना सकाळी?

येसूबाई : तुमी सांगितलंव. मग सायब चप्पल इसरल्यागत परत आत आले, नि बोलले, बाराला वाढा. वर नाय जानार, जरासं चालून मागारी. उशीर झाला तर तुमीच फोन करा बोलले.

सुनंदा : अस्सं.

सहदेव : येसूबाई, नंतर बोलू आपण.

येसूबाई : नि सुरमय दोगांची पन बिनतेलाची भाजलीय. मी बोलले, सायबांस तरी तळून देते. तर नको बोलले. गेल्या टायमाला पन तसंच. बाय हात धुवायला गेली की हलूच येऊन सांगतात.

सुनंदा : मला म्हणतात, भाजलेलीच बरी लागते आताशा.

सहदेव : लागते.

सुनंदा : तळलेल्या सुरमईसाठी रत्नागिरीहून चिपळूणला गाडी काढणारा माणूस तुम्ही. चांगले खोटारडे झालात की म्हातारपणी.

सहदेव : तू समोर बसून फिकं खायचं आणि मी तळलेलं ओरपायचं? घास उतरतो का?

सुनंदा : ते मासळीचं माफ. बाराचं काय? मला अर्ध्यातून माघारी न्यायला भाकरीला पुढे केलंत?

सहदेव : त्या दिवशी आपण संगमेश्वरहून येत होतो. हातखंब्यापर्यंत बोलत होतीस. मग बोलेनाशी झालीस. पुढे हॉस्पिटलपर्यंत मी एकटाच बोलत होतो.

सुनंदा : महिमतगडला नेतो म्हणत होतात.

सहदेव : तुला कसं ठाऊक?

सुनंदा : ऐकत होते. उत्तर द्यायला जमत नव्हतं, एवढंच.

सहदेव : मला वाटलं...

सुनंदा : काय वाटलं ते कळलं मला. पण अहो, तुम्हाला ज्याची भीती वाटते ते माझ्या आत आहे. कुठे थांबायचं ते मी सांगेन. माझ्या पाठीमागे स्वयंपाकिणीशी ठरवायचं नाही. नाहीतर मी पुढल्या खेपेला आपल्या मनालीला घेऊन येईन, तुम्ही बसा मांडवीला.

सहदेव : पोरीला मध्ये आणू नको.

येसूबाई : मी हाय हो अजून फोनवर. भाकरी करपली माजी.

सहदेव : येसूबाई, आमची पानं झाकून ठेवा. तुम्ही जेवून घ्या. आम्ही येऊ तेव्हा येऊ.

येसूबाई : कदी?

सहदेव : ते बाईंना ठाऊक.

(बऱ्याच वेळाने. चढ संपत आलेला, समोर गडाचा दरवाजा.)

सुनंदा : बास. इथे बसू.

सहदेव : अगो, दरवाजा समोर आहे. एवढं आलीस.

सुनंदा : दिसतोय मला. आज इथवरच.

सहदेव : दुखतंय?

सुनंदा : नाही. पाय भरून आलेत, आणि हे सगळं उतरायचंही आहे. दुखायच्या आधी सांगतेय.

सहदेव : हात धर माझा, हळूहळू जाऊ.

सुनंदा : बघा, आता तुम्हीच ओढताय.

सहदेव : तुझ्यासाठीच म्हटलं. परत येणं कधी होईल...

सुनंदा : होईल की. तुम्ही जाऊन या वर.

सहदेव : एकटा? तुला इथे सोडून?

सुनंदा : सावली आहे, पाणी आहे. मी बसते. लागलं तर हाक मारेन.

सहदेव : आणि नाही मारलीस तर?

सुनंदा : तर मी मजेत बसलेय असं समजायचं. जमेल?

सहदेव : बघतो.

सुनंदा : जा मग.

सहदेव : काय काय बघून येऊ, ते तरी सांग.